बंद संगणक नेटवर्कवरून उठत नाही? वेक-ऑन-लॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेक-ऑन-लॅन म्हणजे झोपलेल्या किंवा बंद संगणकाला नेटवर्कवरून एक खास पॅकेट (‘मॅजिक पॅकेट’) पाठवून चालू करणं. इथे संगणक केबलने राउटरला किंवा स्विचला जोडलेला आहे असं धरलं आहे. वायफायचा प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे. मेनूंची नावं आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि आकडे वापरायचे.

सगळं सेट केलंय, तरी मशीन उठत नाही. सुरुवात कुठून करू?

सेटिंग्जमध्ये परत शिरू नका. आधी मशीन बंद करा आणि मागे जाऊन केबलच्या पोर्टवरचा दिवा बघा. दिवा पेटलेला असेल तर नेटवर्क कार्डाला वीज मिळते आहे. विझलेला असेल तर कितीही पॅकेटं पाठवली तरी ऐकायलाच कोणी नाही. काही पोर्टांचा दिवा मशीन बंद असताना मुद्दाम विझवलेला असतो, म्हणून केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विचचा दिवाही बघावा. तो जास्त भरवशाचा.

दिवा पेटलेला असेल तर पुढचा प्रयोग झोपेचा. मशीन बंद न करता स्लीपमध्ये टाका आणि त्याच स्विचवरच्या दुसऱ्या मशीनवरून पॅकेट पाठवा. यातून बराच उलगडा होतो:

- झोपेतून उठतं, शट डाउनमधून नाही: नेटवर्क ठीक आहे. दोष बायोसचा (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जचा) किंवा विंडोजच्या बंद होण्याच्या पद्धतीचा.
- झोपेतूनही उठत नाही: मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक), ड्रायव्हर किंवा पाठवणारं मशीन तपासा.
- बंद केल्यावर लगेच उठतं, तासाभराने नाही: एआरपीचा (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या पद्धतीचा) घोळ.
- घरातून उठतं, बाहेरून नाही: राउटरचा विषय.

यातलं आपलं काय ते ठरल्याशिवाय एकही टिकमार्क हलवू नये. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या की मशीन उठलं तरी कशामुळे उठलं ते कळत नाही, आणि महिन्याभराने बिघडलं की परत पहिल्यापासून सुरुवात.

बंद मशीन पॅकेट ऐकतं तरी कसं?

पूर्ण बंद ते नसतंच. पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन (एटीएक्स कनेक्टरमधली जांभळी वायर) कायम चालू असते. तिच्यावर नेटवर्क कार्डाचा छोटा भाग जागा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये एकच नक्षी शोधतो: सुरुवातीला एफएफ हा बाइट सहा वेळा, मग स्वतःचा मॅक पत्ता सोळा वेळा. पत्ता ००-११-२२-३३-४४-५५ असेल तर हे सहा बाइट सोळा वेळा ओळीने. म्हणजे ६ अधिक ९६, एकूण १०२ बाइट. नक्षी जुळली की कार्ड मदरबोर्डला इशारा देतं आणि पुढे पॉवर बटण दाबल्यासारखंच सगळं होतं.

ही मॅजिक पॅकेटची कल्पना एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्डने १९९५ मध्ये आणली. पूर्वी कार्डापासून मदरबोर्डपर्यंत तीन तारांची वेगळी केबल लावावी लागे. पीसीआय २.२ पासून स्लॉटमधूनच ३.३ व्होल्टची स्टँडबाय वीज मिळू लागली आणि ती केबल गेली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बंद मशीनला आयपी पत्ता नसतो. आणि पॅकेट मिळाल्याची पोच कधीच येत नाही. ॲप ‘पाठवलं’ म्हणतं, त्याचा अर्थ तेवढाच.

दिवा विझलेला आहे. आता?

बहुतेक वेळा कारण बायोसमधलं ‘ईआरपी’, ‘ईयूपी’ किंवा ‘डीप स्लीप’. बंद उपकरणाने २०१० पासून १ वॉटपेक्षा आणि २०१३ पासून ०.५ वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, असा युरोपीय संघाचा नियम आहे. तो पाळण्यासाठी मदरबोर्ड स्टँडबाय लाइनवरचं जवळजवळ सगळं तोडून टाकतो, त्यात नेटवर्क कार्डही जातं. हा पर्याय ‘डिसेबल्ड’ करा.

तो आधीच बंद असेल तर कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू आहे का ते बघा. आणि हो, पॉवर सप्लायच्या मागचा स्विच किंवा एक्स्टेंशन बोर्डचं बटण कोणी बंद करत नाही ना, हेही विचारून घ्या. हसू येईल, पण हे कारण वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

बायोसमध्ये नेमकं काय शोधायचं?

प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ‘वेक ऑन लॅन’, ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’, ‘रिझ्यूम बाय लॅन’, ‘एस५ वेक ऑन लॅन’ यातलं काहीतरी सापडेल, बहुधा ‘पॉवर मॅनेजमेंट’ किंवा ‘एपीएम’ या पानावर. मदरबोर्डवरचं कार्डही आतून पीसीआय-ईवरच जोडलेलं असतं, त्यामुळे ‘पीसीआय-ई’ लिहिलेला पर्यायच अनेकदा तुमचा असतो.

काही बायोसमध्ये ‘लॅन ओन्ली’ आणि ‘लॅन विथ पीएक्सई बूट’ असे दोन पर्याय मिळतात. दुसरा निवडला तर मशीन उठतं खरं, पण डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होऊ पाहतं आणि काळ्या पडद्यावर अडकतं. लांबून बघणाऱ्याला ते ‘उठलंच नाही’ असं वाटतं.

विंडोज झोपेतून उठते, शट डाउनमधून नाही. का?

फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ दाबलं की मशीन पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून ते एक प्रकारच्या हायबरनेटमध्ये जातं, आणि त्या वेळी विंडोज नेटवर्क कार्डाला ‘जागं राहा’ असं सांगतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत भूमिकेप्रमाणे विंडोजमध्ये लॅनवरून उठवणं झोप (एस३) आणि हायबरनेट (एस४) यातूनच चालतं. पूर्ण बंद अवस्थेतून (एस५) उठणं हे बायोस आणि कार्डाच्या मर्जीवर. बऱ्याच मशीनवर ते चालतं, पण चालायलाच हवं असं नाही.

फास्ट स्टार्टअप असं बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि खालची ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ या कमांडनेही होतं, पण तिने हायबरनेटही जातं.

कायमचा बदल करण्याआधी नुसतं तपासायचं असेल तर ‘शटडाउन /एस /टी ०’ चालवा किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. दोन्हीने त्या वेळेपुरतं मशीन खरोखर बंद होतं. मग पॅकेट पाठवा. आता उठलं तर गुन्हेगार सापडला. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली दिसू शकते. आजवर चालणारं मशीन अचानक उठेनासं झालं तर पहिल्यांदा इथेच बघा.

आमचं मत विचाराल तर मशीन रोज लांबून उठवायचं असेल तर शट डाउन करूच नका, झोपवा किंवा हायबरनेट करा. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणत्या खुणा?

नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर तिन्ही खुणा हव्यात: ‘अलाव द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’, ‘अलाव धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ आणि ‘ओन्ली अलाव अ मॅजिक पॅकेट’. पहिली उलट वाटते, पण ती काढली की दुसरी करडी पडते. तिसरी विसरलात तर मशीन भलत्याच वेळी उठेल.

‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ आणि (रिअलटेकच्या कार्डांवर) ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू ठेवा. इंटेलच्या काही कार्डांवर ‘एनेबल पीएमई’ लागतं. ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ बंद करून बघा. रिअलटेकवर ‘डब्ल्यूओएल अँड शटडाउन लिंक स्पीड’ हाही एक पर्याय असतो: बंद झाल्यावर कार्ड वीज वाचवायला वेग १० एमबीपीएसवर आणतं आणि एखाद्या स्विचला तो वेग झेपत नाही. तिथे ‘१०० एमबीपीएस फर्स्ट’ किंवा ‘नॉट स्पीड डाउन’ निवडा.

हे पर्याय दिसतच नसतील तर विंडोजने आपणहून टाकलेला साधा ड्रायव्हर चालू असेल. मदरबोर्ड किंवा कार्डाच्या उत्पादकाचा ड्रायव्हर टाका. शेवटी ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड’ चालवा. यादीत कार्डाचं नाव नसेल तर मशीन झोपेतूनही उठणार नाही.

लिनक्सवर काय तपासायचं?

आधी ‘आयपी लिंक’ने इंटरफेसचं नाव बघा, समजा ईएनपी३एस० आहे. मग ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’. उत्तरात दोन ओळी महत्त्वाच्या. ‘सपोर्ट्स वेक-ऑन’समोरच्या अक्षरांत ‘जी’ असेल तर कार्डाला मॅजिक पॅकेट कळतं. ‘वेक-ऑन’समोर ‘जी’ असेल तर ते चालू आहे, ‘डी’ असेल तर बंद. चालू करायला: ‘सुडो ईथटूल -एस ईएनपी३एस० डब्ल्यूओएल जी’.

गोम अशी की हे बऱ्याच मशीनवर पुढच्या बूटला पुसलं जातं. लोक एकदा चालवतात, एकदा उठवून खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी मशीन ढिम्म. कायम ठेवायचं तर नेटवर्क मॅनेजरच्या जोडणीत ‘८०२-३-इथरनेट.वेक-ऑन-लॅन’ला ‘मॅजिक’ ही किंमत द्या, किंवा सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये ‘वेकऑनलॅन=मॅजिक’ लिहा. टीएलपी (वीज वाचवणारं साधन) वापरत असाल तर तिच्या फाइलमधलं ‘डब्ल्यूओएल_डिसेबल’ ‘एन’ करा, नाहीतर ती तुमची सेटिंग गुपचूप उलटवेल.

पॅकेट पोचतंय की नाही हे कसं कळणार?

मशीन चालू ठेवूनच तपासा. ज्याला उठवायचं आहे त्यावर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं ॲप) उघडा, फिल्टरमध्ये ‘डब्ल्यूओएल’ टाका आणि दुसऱ्या मशीनवरून पॅकेट पाठवा. दिसलं तर उघडून आतला मॅक पत्ता अक्षर न् अक्षर जुळवा.

दिसलंच नाही तर बहुतेक वेळा चूक पाठवणाऱ्याची. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही किंवा एखादं व्हीपीएन असेल तर त्यांची खोटी नेटवर्क कार्डं तयार झालेली असतात. ॲपने २५५.२५५.२५५.२५५ वर ब्रॉडकास्ट केलं (म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पाठवलं) की पॅकेट कधीकधी अशाच खोट्या कार्डातून जातं आणि केबलवर येतच नाही. उपाय सोपा: ॲपमध्ये तुमच्या नेटवर्कचा स्वतःचा ब्रॉडकास्ट पत्ता घाला. आयपी १९२.१६८.१.२० आणि मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर तो १९२.१६८.१.२५५.

मॅक पत्ता चुकीचा असणं हे दुसरं नेहमीचं कारण. दोन पोर्टांच्या मदरबोर्डला दोन पत्ते असतात आणि वायफायचा तिसरा. ‘गेटमॅक /व्ही’ चालवलं की कोणता कोणाचा ते नावासकट दिसतं.

उठवायच्या मशीनच्या फायरवॉलमध्ये मात्र वेळ घालवू नका. मशीन बंद असताना तिथे फायरवॉल चालूच नसते.

पोर्ट ७ द्यायचा की ९?

कोणताही. कार्ड पोर्ट बघत नाही, नक्षी बघतं. प्रथा ९ ची आहे. पोर्टचा संबंध वाटेतल्या राउटर-फायरवॉलशी.

बंद केल्यावर पाच मिनिटं उठतं, सकाळी नाही. हे काय गौडबंगाल?

तुम्ही ब्रॉडकास्टऐवजी मशीनच्या आयपी पत्त्यावर पॅकेट पाठवत आहात. त्या आयपीचा मॅक पत्ता कोणता हे राउटर एआरपीच्या तक्त्यात थोडा वेळ लक्षात ठेवतो. तोवर पॅकेट बरोबर पोचतं. नोंद पुसली गेली की राउटर ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारतो, झोपलेलं मशीन उत्तर देत नाही आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. म्हणून बंद करून लगेच घेतलेली चाचणी ‘पास’ धरू नये. अर्धा तास थांबून पुन्हा घ्या.

उपाय दोन: ब्रॉडकास्ट पत्त्यावर पाठवा, किंवा राउटरमध्ये त्या आयपी-मॅक जोडीची कायमची एआरपी नोंद करा. डीएचसीपीमध्ये (राउटर आयपी पत्ते वाटतो त्या सोयीत) पत्ता राखून ठेवणं ही वेगळी गोष्ट. त्याने एआरपीची नोंद टिकत नाही, आणि इथेच अनेकांची गल्लत होते.

घराबाहेरून, इंटरनेटवरून कसं उठवू?

राउटरवर पोर्ट उघडून पॅकेट आत ढकलण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. आम्ही ती सुचवत नाही. बहुतेक राउटर ब्रॉडकास्ट पत्त्यावर पोर्ट वळवू देत नाहीत, एकाच मशीनकडे वळवला तर वर सांगितलेला एआरपीचा घोळ होतो, आणि सेवा देणाऱ्याने तुम्हाला सामायिक सार्वजनिक पत्त्यामागे (सीजीनॅट) ठेवलं असेल तर पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. शिवाय मॅजिक पॅकेटला कसलंही कुलूप नसतं. ‘सिक्युअरऑन’ नावाचा पासवर्ड काही कार्डांना चालतो, पण तो पॅकेटमध्ये उघडाच जातो.

चालणारा मार्ग असा: आत कायम चालू असलेलं एक छोटं यंत्र ठेवा. रास्पबेरी पाय, नॅस (नेटवर्कवरचं साठवणीचं यंत्र) किंवा राउटर स्वतः. बाहेरून व्हीपीएनने त्याच्यापर्यंत या आणि पॅकेट त्याच्याकडून पाठवा. राउटरच्या प्रणालींपैकी ओपनडब्ल्यूआरटीवर ‘ईथरवेक’ आहे, पीएफसेन्समध्ये वेक-ऑन-लॅनचं तयार पान आहे.

व्हीपीएन लावलं म्हणजे फोनमधल्या ॲपवरून थेट जमेल असं समजू नका. वायरगार्डसारखं व्हीपीएन आयपीच्या पातळीवर चालतं, ब्रॉडकास्ट त्यातून पलीकडे जात नाही. म्हणून पॅकेट आतल्या यंत्रावरच जन्माला यायला हवं.

ऑफिसात दुसऱ्या व्हीलॅनमधलं मशीन उठत नाही.

ब्रॉडकास्ट व्हीलॅनची (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कच्या भागाची) हद्द ओलांडत नाही. राउटरवर ‘डायरेक्टेड ब्रॉडकास्ट’ (दुसऱ्या नेटवर्कच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर पॅकेट सोडणं) चालू करावा लागतो. स्मर्फ हल्ल्यांमुळे (याच सोयीचा गैरवापर करून एखाद्यावर पॅकेटांचा भडिमार करणारे हल्ले) १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमपत्राने तो मुळात बंद ठेवायला सांगितला. चालू करताना एका ॲक्सेस लिस्टने फक्त उठवणाऱ्या सर्व्हरलाच परवानगी द्या.

पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्यावरच पोर्ट उघडणारी पद्धत) असेल तर बंद मशीन ओळख पटवू शकत नाही आणि स्विच त्या पोर्टवर काहीच सोडत नाही. सिस्कोच्या स्विचवर ‘ऑथेंटिकेशन कंट्रोल-डायरेक्शन इन’ दिलं की स्विचकडून मशीनकडे जाणारी वाट मोकळी राहते. शट डाउनच्या वेळी वेग बदलला की लिंक एकदा तुटून जुळते आणि स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले वळसे टाळणारी स्विचची यंत्रणा) पोर्टला काही काळ थांबवून ठेवते. अशा पोर्टवर हे थांबणं टाळणारं ‘पोर्टफास्ट’ हवंच.

वीज जाऊन आली की मशीन उठत नाही.

वीज गेली की कार्डाची ‘जागं राहा’ ही सूचनाही पुसली जाऊ शकते. अशी मशीन एकदा हाताने चालू करून नीट बंद करेपर्यंत पॅकेटला दाद देत नाहीत. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ द्या: वीज आली की मशीन आपणहून चालू होईल, मग तुम्ही ते लांबून झोपवू शकता.

वायफाय, लॅपटॉप आणि यूएसबी डॉकचं काय?

वायफायवरून झोपेतून उठवणं काही कार्डांना जमतं, पूर्ण बंद अवस्थेतून सहसा नाही. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर बहुतेक बायोस हा विषयच बंद ठेवतात, चार्जर लावूनच चाचणी घ्या. यूएसबी इथरनेट वापरत असाल तर बंद झाल्यावर त्या यूएसबी पोर्टला वीज मिळते का ते बघा. डॉकला स्वतःचा मॅक पत्ता असतो, ‘मॅक पास-थ्रू’ चालू असेल तर लॅपटॉपचा.

ॲपलचा मॅक?

फक्त झोपेतून. सेटिंग्जमध्ये ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ चालू करा. शट डाउन केलेला मॅक मॅजिक पॅकेटने उठत नाही.

मशीन रात्री आपणहून उठतं.

‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ चालवा. नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर ‘ओन्ली अलाव अ मॅजिक पॅकेट’ची खूण राहिली आहे, किंवा ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ चालू आहे. साधी एआरपीची चौकशीसुद्धा अशा मशीनला उठवते. कार्डाचं नाव नसेल तर ‘पॉवरसीएफजी /वेकटाइमर्स’ बघा, एखादं ठरवून दिलेलं काम उठवत असेल. लिनक्सवर ‘वेक-ऑन’समोर ‘जी’शिवाय इतर अक्षरं असतील तर ती काढून टाका.

उठतं, पण दोन मिनिटांत परत झोपतं.

विंडोजचं हे ठरलेलं वागणं आहे. माणसाने माउस-कीबोर्डला हात न लावता मशीन उठलं तर ‘सिस्टम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट’ लागू होतो आणि तो मुळात दोन मिनिटांचा असतो. सेटिंग लपवलेली आहे, ‘पॉवरसीएफजी -ॲट्रिब्यूट्स’ने ती दिसू लागते. तोवर दोन मिनिटांच्या आत रिमोट डेस्कटॉपने लॉग इन करा.

उठतं, पंखा फिरतो, पण जोडणी होत नाही.

मशीन कुठल्यातरी प्रश्नावर थांबलं असेल: बायोसचा पासवर्ड, बिटलॉकरचा पिन, ‘कीबोर्ड सापडला नाही’ ही सूचना. तिथे नेटवर्क अजून सुरूच झालेलं नसतं. एकदा मॉनिटर लावून पॅकेटने उठवा आणि पडद्यावर काय येतं ते बघा. पडदा सरळ लॉगिनपर्यंत जात असेल तर आयपी बदलला आहे का तपासा. रिमोट डेस्कटॉपला आपोआप लॉगिनची गरज नाही, ते सुरू करून ठेवू नका.

काहीच जमत नाही. दुसरा मार्ग?

मदरबोर्डवरचं कार्ड हट्टी असेल तर पीसीआय-ई स्लॉटात वेगळं कार्ड लावून बघा. विकत घेण्याआधी त्याच्या तपशिलात वेक-ऑन-लॅन लिहिलेलं आहे ना ते वाचा, स्वस्त कार्डांत ते अनेकदा नसतं. ऑफिसच्या मशीनमध्ये इंटेल एएमटी असेल किंवा सर्व्हरला आयपीएमआय असेल (दोन्ही लांबून मशीन सांभाळण्याच्या सोयी) तर तेच वापरा. तिथे मशीन चालू आहे की नाही याचं उत्तरही मिळतं, जे मॅजिक पॅकेट कधीच देत नाही.

साधा जुगाड म्हणजे स्मार्ट प्लग आणि बायोसमध्ये ‘पॉवर ऑन’. प्लग बंद करा, स्टँडबाय वीज पूर्ण उतरायला तीसेक सेकंद थांबा, मग चालू करा. लगेच चालू केला तर मदरबोर्डला वीज गेल्याचं कळतच नाही. आणि मशीन बंद आहे याची पिंग करून खात्री केल्याशिवाय प्लगला हात लावू नका. पिंगला उत्तर न देणारं मशीनही चालू असू शकतं, म्हणून प्लग किती वॉट दाखवतो तेही बघा: बंद मशीन एक-दोन वॉटच्या पुढे जात नाही.